भिंतीवर उमलणारी प्रकाशफुले

अंधाऱ्या खोलीत उदबत्तीचे पेटते टोक गरगर फिरवण्याचा खेळ आपल्यापैकी कोणी केला नाही? टोक कुठल्याही क्षणी एकाच ठिकाणी असते, पण डोळ्यांना दिसते ते अखंड तांबडे कडे. मग कोणीतरी वडीलधारे माणूस "अरे, भाजेल कुठेतरी!" म्हणून ओरडते आणि खेळ संपतो. आपल्या जुन्या तत्त्वज्ञांना हे कडे फार कामाचे वाटले होते. अलात म्हणजे कोलीत. कोलीत फिरवल्याने दिसणाऱ्या चक्राला त्यांनी अलातचक्र म्हटले आणि दिसते तेवढे सगळे खरे असते काय, हा प्रश्न सोडवताना त्याचा दाखला दिला. गौडपादाचार्यांच्या कारिकांतल्या शेवटच्या प्रकरणाचे नावच 'अलातशान्ति' असे आहे. त्या गहन प्रश्नात आज आपल्याला शिरायचे नाही. आपण कोलिताच्या जागी लेसरचा ठिपका घेऊ, हाताच्या जागी फिरता आरसा घेऊ, आणि घरातल्या भिंतीवर फुले उमलवू.

लेसर शो म्हटला की मोठ्या मैदानावरचा कार्यक्रम, धूर, ठणाणा संगीत आणि आकाश चिरत जाणारे हिरवे झोत असे चित्र मनात उभे राहते. हे सगळे काम लेसरचे, असा आपला समज होतो. खरे पाहता लेसर बिचारा एका जागी पडून असतो. तो फक्त एक बारीक, सरळ, न फाकणारा किरण देतो. चित्र काढतो तो आरसा, आणि ते चित्र पुरे करतो आपला डोळा. ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली की घरी यंत्र करताना पैसे कुठे खर्चायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे आपोआप ठरते. चांगला आरसा घ्यावा, वेगावर चांगला ताबा ठेवावा आणि लेसर मात्र मिळेल तितका दुबळा घ्यावा. तुम्ही म्हणाल, हा उलटाच सल्ला झाला! पण तो उलटा का नाही, ते पुढे येईलच.

आरशाने चित्र काढण्याची ही युक्ती लेसरपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. झ्यूल आंत्वान लिसाझू नावाचे एक फ्रेंच शास्त्रज्ञ होते (१८२२–१८८०). आवाज डोळ्यांनी पाहता येईल का, हा त्यांचा ध्यास. १८५७ च्या सुमारास त्यांनी दोन नादचिमटे, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, घेतले. एक उभा कंप पावेल, दुसरा आडवा कंप पावेल असे ते मांडले आणि प्रत्येकाच्या टोकाला एक इवलासा आरसा चिकटवला. दिव्याचा बारीक किरण पहिल्या आरशावरून दुसऱ्यावर, आणि दुसऱ्यावरून पडद्यावर. चिमटे वाजवताच पडद्यावर ठिपक्याच्या जागी एक सुबक वेटोळे दिसू लागले. दोन स्वर नेमके जुळले असतील तर आकृती स्थिर राही. किंचित बेसूर असतील तर ती हळूहळू कूस बदलू लागे. या आकृत्यांना आजही लिसाझूच्या आकृत्या म्हणतात. कानाला जो बेसूर पटकन कळत नाही, तो डोळ्याला कळतो, ही त्यातली गंमत.

लिसाझूंजवळ नव्हता तो फक्त लेसर. तो १९६० साली आला. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. पुढे नऊ वर्षांतच, ९ मे १९६९ रोजी, कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजमध्ये लॉवेल क्रॉस हे संगीतकार, कार्सन जेफ्रीज हे भौतिकीचे प्राध्यापक आणि डेव्हिड ट्यूडर हे वादक, या तिघांनी लेसरच्या किरणाला संगीताच्या तालावर पडद्यावर नाचवले. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात अशीच योजना होती. आणि १९ नोव्हेंबर १९७३ पासून लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत आयव्हन ड्रायर यांनी 'लेझेरियम' नावाचे खेळ सुरू केले, ते वर्षानुवर्षे चालले. या सगळ्यांच्या यंत्रांत आरसे होतेच. हल्लीच्या धंदेवाईक यंत्रांत तर दोन नखाएवढे आरसे असतात. एक किरणाला आडवा हलवतो, दुसरा उभा, आणि संगणकाच्या हुकुमाने किरण सेकंदाला तीस हजार बिंदूंवर जाऊन येतो. म्हणून त्यांना नाव लिहिता येते, हत्ती काढता येतो. तसले यंत्र घरी करता येते, पण पहिल्या फटक्यात नाही. आपण आज त्याचा साधा, धाकटा भाऊ करू. त्याला हत्ती येत नाही, पण फुले अशी येतात की बघत राहावे.

आता सामानाकडे वळू. फूटभर लांब-रुंद एक फळी. संगणकात गारव्यासाठी असतात तसले बारा व्होल्टवर चालणारे, आठ सेंटिमीटर चौकटीचे दोन पंखे. बारा व्होल्टचा, एक अँपिअर देणारा तयार ॲडॉप्टर. घरातल्या विजेच्या तारांना आपल्याला कुठेही हात लावायचा नाही, ॲडॉप्टरच्या पुढेच आपले राज्य सुरू होते. आरशाचे दोन तुकडे, वेगावर ताबा ठेवणारे थोडे विजेचे सामान आणि लेसर. हे सगळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हिंडलात तर एका फेरीत मिळते. पंखे तर जुन्या, मोडीत निघालेल्या संगणकातूनही निघतात. लाल आणि काळी अशा दोनच तारांचा पंखा बघून घ्यावा. तिसरी पिवळी तार असली तर ती वेगाची खूण देणारी असते, ती मोकळी ठेवून द्यावी.

खेळण्यातली मोटर का नको? चालेल, पण ती फार माजोरी असते. तीन व्होल्ट दिले की मिनिटाला हजारो फेरे घेऊन घरघरते, आणि तिच्या सुईसारख्या दांड्यावर आरसा चिकटवणे हे मोठेच कसब. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर मात्र घेऊ नका. पुष्कळशा मोटरींच्या पोटातच वेग एकसारखा ठेवण्याची व्यवस्था असते, आणि आपल्याला तर वेग बदलायचा आहे. पंख्याचे तसे नाही. त्याच्या मधल्या गोल तबकडीवर आरसा निवांत बसतो, तो मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या आसपास, आणि व्होल्ट कमी केले की वेग त्या मानाने उतरतो.

आरशाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण बहुतेकांचे यंत्र इथेच बिघडते. आपल्या नेहमीच्या आरशाला मुलामा काचेच्या पाठीमागे असतो. किरण काचेत शिरतो, मागून उलटतो आणि बाहेर येतो. पण काचेचा पुढचा पृष्ठभागही शेकडा चारच्या आसपास प्रकाश परत फेकतो. त्यामुळे मुख्य रेघेच्या बाजूला दोनेक मिलिमीटरवर एक अंधुक भुताची रेघ उमटते. दोन आरसे म्हटल्यावर भुतेही वाढली. फूल धूसर दिसते, आणि माणूस लेसरला नावे ठेवतो! यासाठी पुढच्या अंगाला मुलामा असलेला आरसा हवा. तो विकत मिळतो, पण मोडीतल्या कागदपत्रे उतरवण्याच्या यंत्रात, म्हणजे स्कॅनरमध्ये, असल्या आरशाच्या लांब पट्ट्या आयत्या असतात. काचवाल्याकडून एक दोन सेंटिमीटर चौरस आणि दुसरा तीन सेंटिमीटर चौरस असे तुकडे कापून घ्यावेत. मुलाम्याला बोट लावू नये, कापडाने पुसू तर मुळीच नये, ओरखडे पडतात. नुसती फुंकर मारावी.

आरसा तबकडीवर अगदी सपाट चिकटवला तर काय होईल? काहीच नाही! पंखा कितीही फिरला तरी ठिपका जागचा हलणार नाही. आरसा किंचित तिरपा हवा. दोन सेंटिमीटरच्या आरशाच्या एका कडेखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा सरकवला तर तो साधारण दीड अंश कलतो. आरसा दीड अंश कलला की किरण त्याच्या दुप्पट, म्हणजे तीन अंश वळतो. फिरताना हा किरण हवेत एक शंकू काढतो आणि तीन मीटरवरच्या भिंतीवर सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. तीन सेंटिमीटरच्या आरशाखाली तोच कल यावा म्हणून पाऊण मिलिमीटरचा पुठ्ठा. एवढी बारीक जाडी मोजायची कशी? एकाच पुठ्ठ्याचे दहा तुकडे एकावर एक रचावेत, चळतीची उंची पट्टीने मोजावी आणि दहाने भागावे.

पंख्याच्या तबकडीवरचा कागद खरवडून काढा. आरसा मधोमध ठेवून ॲरल्डाइटने चिकटवा आणि तिरपेपणामुळे राहिलेली फट त्याच लेपाने भरून टाका. चोवीस तास त्याला हात लावू नका. घाई केलीत तर काचेचा तुकडा सेकंदाला चाळीस फेऱ्यांच्या वेगाने सुटून कुठे जाईल, याचा नेम नाही. पहिल्यांदा चालवताना पंख्यावर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालून तासभर चालू द्यावा, म्हणजे जे सुटायचे ते खोक्यातच सुटेल. पंखा थरथरू लागला तर आरसा मध्यावर बसलेला नाही असे समजावे, आणि हलक्या बाजूला मेणाचा किंवा मातीचा ठिपका लावून समतोल साधावा. आमच्याकडे तराजूचा पासंग काढतात ना, अगदी तसेच.

आता मांडणी. दोन्ही पंखे लोखंडी एल-पट्ट्यांनी फळीवर उभे करायचे, एकमेकांकडे तोंड करून. दोघांमधले अंतर दहा सेंटिमीटर, पण दुसरा पंखा पहिल्याच्या बरोबर समोर नको, सहा सेंटिमीटर एका बाजूला सरकलेला हवा. लहान आरसा पहिल्या पंख्यावर, मोठा दुसऱ्यावर, कारण दुसऱ्यापर्यंत पोचेतो किरण आधीच डोलू लागलेला असतो आणि त्याला जास्त ऐसपैस जागा लागते. लेसरचा किरण दुसऱ्या पंख्याच्या मोकळ्या बाजूने येऊन पहिल्या आरशावर पडेल, तिथून दुसऱ्यावर जाईल आणि पहिल्या पंख्याच्या मोकळ्या बाजूने भिंतीकडे निसटेल. किरणाची वाट इंग्रजी झेड अक्षरासारखी होते. पंखे बंद ठेवून, पांढऱ्या कागदाचा कपटा वाटेत धरत धरत ही वाट जुळवावी. आरसे हाताने फिरवून बघावेत. कोणत्याही स्थितीत ठिपका दुसऱ्या आरशाच्या बाहेर जाता कामा नये.

वेगाचे नियंत्रण हा आत्मा. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र नियंत्रण हवे. त्यासाठी एल. एम. ३१७ नावाची तीन पायांची एक स्वस्त वस्तू मिळते. अक्षरांची बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पहिला पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट आणि उजवा इनपुट. ॲडॉप्टरची धन तार इनपुटला. आउटपुटपासून पंख्याची लाल तार. आउटपुट आणि ॲडजस्ट यांच्यामध्ये २४० ओहमचा रेझिस्टर. ॲडजस्टपासून ऋण तारेकडे एक ७५० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याच पुढे, एकाच रांगेत, एक हजार ओहमचा फिरवता रेझिस्टर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. इनपुट आणि ऋण तार यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा आणि आउटपुट आणि ऋण तार यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की काम झाले. बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले तर पंख्याला पाचपासून साधारण दहा व्होल्टपर्यंत वीज मिळते, म्हणजे वेग दुप्पट होईल एवढा वाव. काही पंखे पाच व्होल्टवर उठत नाहीत, आळशी असतात. त्यांना आधी बटण वर नेऊन जागे करावे, मग खाली आणावे.

इथे एक खाचखळगा आहे, तो सांगून ठेवतो. ही वस्तू तापते, म्हणून तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा जोडतात. पण तिची धातूची पाठ आतून आउटपुटच्या पायालाच जोडलेली असते. काटकसर म्हणून दोन्हींच्या पाठी एकाच पत्र्याला आवळल्या तर दोन्ही पंखे विजेने एकमेकांना बांधले जातात, आणि एक बटण फिरवले की दोन्हींचा वेग बदलतो. दोघांना दोन वेगळे पत्रे द्या, आणि ते एकमेकांना शिवू देऊ नका.

खोलीत अंधार करा. पंखे सुरू करा, मग लेसर. पाहा!

पहिला पंखा एक वर्तुळ काढतो आहे. दुसरा त्या वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूला आणखी एका वर्तुळात फिरवतो आहे. 'स्पायरोग्राफ' नावाचे दातेरी चकत्यांचे खेळणे ज्यांनी हाताळले असेल त्यांना हे लगेच कळेल. आपले पंखे एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत, म्हणून भिंतीच्या दृष्टीने ते उलट-सुलट फिरतात, आणि अशा वेळी पाकळ्यांचा हिशेब फार सोपा असतो. दोन वेगांचे साधे गुणोत्तर घ्या आणि त्या दोन आकड्यांची बेरीज करा. एक पंखा दुसऱ्याच्या दुप्पट फिरत असेल, म्हणजे दोनास एक, तर तीन पाकळ्या. तिनास दोन असेल तर पाच. चारास तीन असेल तर सात. दोन्ही एकाच वेगाने फिरत असतील तर नुसती रेघ किंवा सडपातळ लंबगोल.

गाण्याची आवड असलेल्यांनी हे आकडे आधीच ओळखले असतील. दोनास एक म्हणजे मध्य षड्ज आणि तार षड्ज. तिनास दोन म्हणजे षड्ज-पंचम. चारास तीन म्हणजे षड्ज-मध्यम. तेव्हा बटण हळूहळू फिरवत तुम्ही भिंतीवर अक्षरशः तंबोरा जुळवत असता! पंचम लागला की पाच पाकळ्यांचे फूल क्षणभर स्थिर होते. जुळता जुळता थोडे राहिले तर फूल सावकाश फिरू लागते. ते पूर्ण थांबवण्याच्या खटपटीत पडू नका. पंख्याचा वेग तसाही थोडा इकडेतिकडे होतोच, आणि सावकाश फिरणारे फूल थांबलेल्या फुलापेक्षा पाहायला बरे वाटते. षड्ज आणि शुद्ध गंधार, म्हणजे पाचास चार, लावले तर नऊ पाकळ्या येतात, पण त्या फडफडतात. याचे कारण आपल्या कोलितातच आहे. एक पंखा सेकंदाला चाळीस आणि दुसरा बत्तीस फेरे घेत असेल तर पूर्ण फूल सेकंदाला आठच वेळा काढून होते. तेवढ्यात डोळ्याला जुनी पाकळी विसरायला वेळ मिळतो. दुपटीच्या फुलात तीच पुनरावृत्ती वीस वेळा होते, म्हणून ते कसे अगदी कोरल्यासारखे दिसते.

दोन्ही आरशांचा कल सारखा असेल तर प्रत्येक पाकळी मध्यबिंदूला येऊन मिळते. कल कमी-जास्त असेल तर फुलाच्या मधोमध गोल पोकळी राहते. दोन्हींना आपापले सौंदर्य आहे. किरण आरशावर थोडा तिरपा पडत असल्याने फूल किंचित चेपलेले दिसेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. खोलीत उदबत्ती लावलीत आणि धूर किरणाच्या वाटेत आला, तर भिंतीवरच्या फुलापासून फळीपर्यंत पोचणारा अंधुक तांबडा शंकू हवेत तरंगताना दिसतो. मुलांना हा भाग फुलांपेक्षाही आवडतो.

आता त्या उलट्या सल्ल्याकडे येऊ. लेसर दुबळा का हवा?

आपल्या डोळ्यात भिंग आहे. दूरच्या वस्तूकडून येणारे समांतर किरण एका बिंदूवर आणण्यासाठीच ते घडलेले आहे. लेसरचा किरण जवळजवळ संपूर्ण समांतर. तो बाहुलीतून आत गेला की भिंग इमानेइतबारे त्याला दृष्टिपटलावर केसाहूनही बारीक ठिपक्यात गोळा करते, आणि त्या ठिपक्यावरची तीव्रता बाहेरच्या मानाने सुमारे लाखपट होते. सूर्याच्या उन्हात भिंगाने कागद जाळतो तो प्रकार. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून इजा होताना दुखतही नाही. आणि जळलेली कातडी जशी भरून येते, तसे दृष्टिपटल भरून येईलच असे नाही. एक मिलिवॅटपर्यंतच्या दृश्य लेसरला 'वर्ग २' म्हणतात. त्याचा किरण चुकून डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्यात सहसा नुकसान होत नाही. मुद्दाम डोळे ताणून बघणाऱ्याला मात्र पापणी काय वाचवणार? पाच मिलिवॅटपर्यंतचा 'वर्ग ३ आर'. त्याच्यापुढचे लेसर घरात खेळायला आणूच नयेत.

हे काही नुसते पुस्तकी भय नाही. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकांनंतर महाराष्ट्रातल्या काही शहरांत नेत्रतज्ज्ञांकडे तरुण मुले आली. डोळ्यांपुढे मध्यभागीच काळा डाग, अक्षरे दिसेनाशी झालेली. मिरवणुकीतल्या लेसरचे झोत गर्दीच्या डोळ्यांच्या उंचीवर फिरत होते, आणि नाचता नाचता कोणी त्यांच्याकडे पाहत राहिले होते. त्यानंतर काही ठिकाणी पोलिसांना असल्या झोतांवर बंदीचे हुकूम काढावे लागले. खरा गुन्हा लेसरचा नव्हता, तो जिथे रोखला होता त्या जागेचा होता.

बाजारात आठवडी खेळण्यांच्या गाडीवरसुद्धा लेसर मिळतो. त्याच्या अंगावर 'पाच मिलिवॅट' छापलेले असते आणि आत कितीतरी जास्त भरलेले असू शकते. स्वस्त हिरव्या लेसरची तर आणखी एक खोड आहे. पुष्कळसे हिरवे पॉइंटर आधी न दिसणारा अवरक्त प्रकाश तयार करतात आणि स्फटिकातून त्याचा हिरवा करतात. हा अवरक्त भाग अडवणारी गाळणी न घालता पैसे वाचवले, तर दिसणाऱ्या हिरव्याच्या आडून न दिसणारा प्रकाशही बाहेर येतो. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने असाच एक पॉइंटर तपासून जाहीर इशारा दिला होता. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही, हे त्यातले खरे दुखणे. म्हणून आपण तांबडाच लेसर घ्यावा, नामांकित कारखान्याचा, वर्ग २ चा. शक्य असेल तर महाविद्यालयाच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत मापकावर एकदा मोजून आणावा, मास्तर नाही म्हणणार नाहीत. आणि एक सांगू? ६५० नॅनोमीटरच्या नेहमीच्या तांबड्याऐवजी ६३५ नॅनोमीटरचा मिळाला तर तोच एक मिलिवॅट आपल्या डोळ्याला जवळजवळ दुप्पट उजळ दिसतो. तेज वाढवायचे तर असे वाढवावे. आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे अंधार वाढवावा. खिडक्यांना गोधड्या टांगा, दहा मिनिटे अंधारात बसा. सुरुवातीला मिणमिणते वाटलेले फूल लख्ख दिसू लागेल.

यंत्रावर काळ्या पुठ्ठ्याचे खोके हवे आणि त्याला भिंतीच्या बाजूला एकच झरोका. यंत्र फडताळावर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर ठेवावे आणि सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसावे. भिंतीवर काच लावलेली तसबीर, पितळी भांडे, घड्याळ असले काही नको, त्यावरून किरण उलटून अंगावर येतो. लेसर आणि पंखे एकाच दुहेरी बटणावर असावेत, म्हणजे पंखे बंद आणि किरण मात्र एका जागी रोखलेला, असे विसरून होणार नाही. खोके उघडायचे ते लेसर बंद करूनच. यंत्र खिडकीबाहेर, रस्त्याकडे किंवा आकाशाकडे कधीही रोखू नये. खाली उतरणाऱ्या विमानाच्या चालकाचे डोळे एवढ्याशा किरणानेही दिपतात. मोबाइलवर फुलाचे चित्र खुशाल घ्या, पण ते भिंतीचे घ्या. झरोक्यात कॅमेरा धरला तर त्याच्या आतला पडदा कायमचा डागाळतो.

एवढे करून कोणाला पंखे, तारा, डाग देणे यातले काहीच जमणार नसेल, तर त्याच्यासाठी एक बिनविजेचे यंत्रही आहे. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा घ्या. एका तोंडावर फुग्याचे रबर ताणून दोऱ्याने घट्ट बांधा, डफासारखे. रबरावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवा, पण मध्यावर नको, मध्य आणि कड यांच्या अधेमधे. मध्यावर रबर नुसते पुढे-मागे होते, कडेकडे ते कलते, आणि आपल्याला कल हवा आहे. लेसर त्या आरशावर रोखून टेबलाला पक्का बांधा आणि डब्याच्या उघड्या तोंडात गा. भिंतीवरचा ठिपका ताणला जाईल, त्याचे कडे होईल, कड्याला गाठी पडतील. 'आ' ची आकृती वेगळी, 'ऊ' ची वेगळी. पेटीचा एकच सूर धरून ठेवला तर आकृती बराच वेळ ठरून राहते, माणसाचा गळा मात्र तिला क्षणभरही स्थिर राहू देत नाही. घरात कोणी गाणे शिकत असेल तर त्याला या डब्यासमोर बसवून एक लांब षड्ज लावायला सांगा, आणि बाकीच्यांनी भिंतीकडे पाहावे.